विषारी वायूगळती : बंब येईपर्यंत आणि बंब आल्यावर

दरवर्षी १४ एप्रिलला पहाटे आपण निळे झेंडे घेऊन घराबाहेर पडतो. त्याच दिवशी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जवान आपल्या गेलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देत असतात. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिनही आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटले. त्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरली होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्या दिवशी परत आले नाहीत. गोदीत मेलेल्या मजुरांचा तर नीट हिशेबही लागला नाही. बाबासाहेब त्या वेळी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. योगायोगच म्हणायचा, पण आम्हाला दरवर्षी जयंतीला त्याची आठवण होते, कारण आम्ही परिचारिका म्हणून ज्या जखमी माणसांना सर्वांत उशिरा तपासले, त्यात बंबावरचे जवान बरेच होते. ते स्वतःहून कधी स्ट्रेचरवर झोपत नाहीत. "आधी त्यांना बघा सिस्टर, मी बरा आहे," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता आम्ही ते ऐकून घेत नाही.

या वेळच्या आरोग्य पानाचा विषय कुर्ल्याच्या एका बाईने दिला. विनोबा भावे नगरात महिलांच्या बैठकीत रक्तदाबावर बोलत होतो. मध्येच तिने विचारले, "ताई, रात्री गॅसचा वास आला तर दार लावून बसायचं की पोरं घेऊन पळायचं?" बैठकीतल्या सगळ्याजणी गप्प झाल्या. १९ सप्टेंबर २०१९ची रात्र सगळ्यांना आठवत होती. चेंबूर, गोवंडी, घाटकोपर, पवई अशा पूर्व उपनगरांच्या मोठ्या पट्ट्यात उग्र वास पसरला होता आणि फोन खणखणत होते. पुढे ६ जून २०२०ला, ऐन टाळेबंदीत, पुन्हा तेच झाले. त्या रात्री ध्वनिक्षेपक लावलेल्या १७ गाड्या तयार ठेवल्याचे महापालिकेने कळवले होते. दोन्ही रात्री वास कुठून येतो ते लगेच कळले नाही. ज्या शहरात माहूलची तेलशुद्धी, चेंबूरचे खत कारखाने, एलबीएस मार्गावरचे टँकर आणि सीएसटी रोडची भंगारची दुकाने एकमेकांना खेटून आहेत, तिथे असा वास कशाचाही असू शकतो. म्हणूनच त्या बाईच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही.

मुंबईचे एक उदाहरण घेऊ. १४ जुलै २०१०ची पहाट, शिवडीचे हाजी बंदर. पोर्ट ट्रस्टच्या आवारात क्लोरीनचे शंभराहून अधिक सिलिंडर १९९७पासून बेवारस पडून होते. तेरा वर्षे मुंबईचा खारा वारा आणि पाऊस खाल्लेल्या लोखंडाचे काय होणार? एक गळू लागला. शंभरावर माणसे बाधित झाली. त्यात जवळच्या संस्थेतले विद्यार्थी होते, मजूर होते, पोर्टचे कर्मचारी होते, आणि मदतीला गेलेले अग्निशमन जवानही होते. कारखाना चालू होता, यंत्र बिघडले, असे काही तिथे घडलेच नव्हते. कोणाचा तरी माल कोणीतरी विसरले होते. नोव्हेंबर २०२५मध्ये वसईच्या दिवाणमान भागात पाण्याच्या टाकीजवळ पडून असलेला क्लोरीनचा जुना सिलिंडर गळला. एकाचा जीव गेला, आणि रुग्णालयात न्याव्या लागलेल्यांत पुन्हा अग्निशमन जवान होते. पंधरा वर्षांत एवढाच बदल, की शिवडीऐवजी वसई.

क्लोरीन म्हणजे पाणी शुद्ध करायला वापरतात तोच. डोळ्यांना, घशाला, छातीला ओल असते. त्या ओलीत हा वायू विरघळला की आम्ल तयार होते आणि आतली नाजूक त्वचा भाजते. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी होते. जास्त गेला असेल तर फुफ्फुसात पाणी भरते. हे पाणी लगेच भरत नाही. माणूस उठून चहा पितो, घरी जातो, जेवतो, आणि मध्यरात्री त्याला धाप लागते. बारा तासांनी, कधी चोवीस तासांनीसुद्धा.

हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण शिकलो एका चुकीतून. आम्ही नोकरीत होतो त्या रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. एका सफाई कामगार भगिनीला तिथे आणले होते. संडास लवकर साफ व्हावा म्हणून तिने ब्लीचिंग पावडरीवर ॲसिड ओतले होते. कोंदट जागा, दार बंद, आणि या दोघांच्या मिश्रणातून क्लोरीनच निघतो. तिची साडी ॲसिडने भिजली होती. आम्ही तिला तशीच आत घेतली, पलंगावर झोपवले, वाफ दिली. साडीची घडी घालणाऱ्या मावशी दहा मिनिटांत खोकू लागल्या. ती भगिनी दोन तासांत "बरं वाटतंय" म्हणाली, आणि आम्ही तिला घरी सोडले. रात्री ती परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते. चार दिवस प्राणवायूवर होती. वाचली. त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी कधीही चुकवत नाही : आधी कपडे, आणि चोवीस तास नजरेखाली. यातले पहिले काम वस्तीतही करता येते, डॉक्टर लागत नाही.

आता बंब आल्यावरचे बोलू. वायूगळतीच्या ठिकाणी जवान लगेच आत का घुसत नाहीत, यावरून लोक चिडतात. शिव्या देतात, कधी दगडही मारतात. जवान पाठीवर जो बीए सेट लावतात, त्या सिलिंडरमध्ये साधी दाबून भरलेली हवा असते. ती कागदावर तीस-पंचेचाळीस मिनिटे पुरते. पण अंगावर रबरासारखा बंद सूट, हातात सामान, वर जिना, अशी धाप लागली की ती खूप आधी संपते. हवा संपत आली की शिटी वाजते, आणि शिटी वाजली की बाहेर पडायचे म्हणजे पडायचे, समोर काहीही असो. म्हणून ते जोडीने जातात, बाहेर एक जण कोण कितीला आत गेला ते लिहून ठेवतो, आणि आणखी एक जोडी सूट घालून तयार उभी राहते. ही तयारी होईपर्यंत आपल्याला वाटते की हे नुसते उभे आहेत. मे महिन्यात त्या सूटमधून बाहेर आलेल्या जवानाला आम्ही पाहिले आहे. बुटातून घाम ओतला. अशा माणसाला वायूबरोबर उन्हाचाही फटका बसलेला असतो. त्याला सावलीत बसवून हळूहळू पाणी द्यायला वस्तीतल्या दोन माणसांनी पुढे व्हावे.

दुसरी आरोळी हमखास असते : "पाणी मारा, पाणी मारा!" आगीवर पाणी मारायचे हे आपल्या हाडात बसले आहे. पण गळणाऱ्या क्लोरीनच्या सिलिंडरवर थेट पाणी मारले, तर पाणी आणि क्लोरीन मिळून झालेले आम्ल लोखंड खाते आणि भोक मोठे होते. जाणते जवान काय करतात? सिलिंडर असा फिरवतात की भोक वरच्या बाजूला यावे. मग आतला पातळ क्लोरीन बाहेर न येता फक्त वायू येतो, आणि गळतीचा जोर कमी होतो. मग भोकावर टोपी बसवतात, किंवा तो सिलिंडर कॉस्टिक सोड्याच्या अथवा चुन्याच्या पाण्यात बुडवतात. पाण्याचे बारीक तुषार वापरायचेच असतील तर ते सिलिंडरवर मारत नाहीत. वायूचा लोट पुढे जातो त्याच्या वाटेत त्यांचा पडदा धरतात. बर्फाच्या कारखान्यातला किंवा शीतगृहातला अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, तिथे या पडद्याचा फार उपयोग होतो. तेव्हा पाणी कुठे मारायचे हे त्यांना सांगू नका. त्यांना हवी असते माहिती.

१०१ला फोन लागला की काय सांगायचे? वास कसला आहे. धूर दिसतो का, दिसत असेल तर हिरवट-पिवळा की पांढरा. वारा कुठून कुठे आहे. कोणी आत अडकले आहे का. आणि कुर्ल्यापुरते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठी गाडी कोणत्या गल्लीने आत येईल. क्रांतीनगर, संदेशनगर, जरीमरीच्या बाजूला नकाशात रस्ता दिसतो, पण प्रत्यक्षात तिथे रिक्षाही अडकते. हे घटनेच्या रात्री शोधायचे काम नव्हे. टँकर असेल तर त्याच्या मागे व बाजूला एक फलक असतो, मोटार वाहन नियमांनी तो सक्तीचा केला आहे. त्यावर चार आकडी क्रमांक असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा एलपीजी. जवळ जाऊ नका. लांबून मोबाईलने फोटो मोठा करून वाचा आणि तोच आकडा फोनवर सांगा. त्या चार आकड्यांनी जवानांचा अर्धा तास वाचतो. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे, रुग्णवाहिकेचा १०८.

आता त्या बाईचा प्रश्न. पळायचे की बसायचे? आधी वारा बघायचा. मुंबईत दुपारनंतर वारा बहुधा समुद्राकडून येतो, हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून, पण गल्लीत तो कसाही वळतो. आपल्याकडे वारा दाखवणारे फार चांगले साधन आहे : विहारावरचा झेंडा. झेंडा ज्या दिशेला फडकतो, तिकडे वायू जाणार. म्हणून तिकडे पळायचे नाही. लोटाला आडवे निघायचे, म्हणजे आधी वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि मग वाऱ्याच्या समोरच्या दिशेला वळायचे. भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री लोक जिकडे वाट दिसेल तिकडे धावले. अनेक जण वायूबरोबरच धावत राहिले, आणि धावताना श्वास जोरात घ्यावा लागतो. म्हणून भरभर चाला, पण ऊर फुटेस्तोवर धावू नका.

क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असतो. तो गटारात, सखल गल्लीत, पोटमाळ्याखालच्या खोलीत साचतो. म्हणून उंचावर जायचे, आणि लहान मुलांना कडेवर नव्हे तर खांद्यावर घ्यायचे. जमिनीलगत चालणारे मूल आपल्याआधी कोसळते. एलपीजीही जड. पाइपने येणारा स्वयंपाकाचा गॅस मात्र हलका, खिडकी उघडली की वर निघून जातो. त्या दोन्हींत विषापेक्षा स्फोटाची भीती मोठी, म्हणून दिव्याचे बटण दाबायचे नाही, ना चालू करायला ना बंद करायला. अमोनियाही हलका, पण टाकीतून थंडगार बाहेर पडतो तेव्हा तो काही काळ जमिनीलगत धुक्यासारखा रांगतो. गळती लांब असेल, मधे सिमेंटची पक्की घरे असतील, तर वरच्या मजल्यावर दारे-खिडक्या लावून फटींत ओले कापड कोंबून बसणे हेच बरे. पण पत्र्याच्या घराला दारे लावून काय होणार? आमचे प्रामाणिक मत असे की झोपडीत राहणाऱ्यांनी शेजारच्या पक्क्या इमारतीशी आधीच बोलून ठेवावे. वरच्या जिन्यात आम्हाला घ्याल का, एवढेच विचारायचे आहे. इमारतवाले काय म्हणतील ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

नाकाला ओला रुमाल लावला तर क्लोरीन-अमोनियात दोन-चार मिनिटे थोडा आधार मिळतो. तो बाहेर पडण्यापुरता, आत जाण्यासाठी नाही. करोनाच्या काळातले मास्क धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत.

बाहेर आलेल्या माणसाचे वरचे कपडे काढायचे. डोक्यावरून ओढून काढायचे नाहीत, पुढून कापायचे, नाहीतर तेच तोंडावर घासले जाते. डोळे पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवायचे, अंग भरपूर पाण्याने. इथे नेहमी घोडे अडते. बाया साडी सोडायला तयार होत नाहीत. रस्त्यात, पुरुषांसमोर, कशा होतील? प्रशिक्षणात हे कोणी शिकवत नाही. आम्ही वस्तीत प्रयोग केला : चार बायांनी दोन चादरी धरून घेरा करायचा, आत एक बाई पाणी ओतणारी, बाहेर कोरडे गाऊन तयार. तीन मिनिटांत एक जण धुऊन बाहेर. हा घेरा महिला मंडळच करू शकते. बंबावर पुरुषच जास्त असतात, त्यांच्याकडून ही अपेक्षा चुकीची आहे.

दूध पाजू नका. वायू लागला की दूध द्यायचे हा समज फार खोल आहे. धाप लागलेल्या माणसाला काहीही पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला आडवे न करता टेकून बसवा.

गटाराचा वायू याच कुळातला, आणि तो आपल्या घरातली माणसे नेतो. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटते वास गेला, म्हणजे वायू गेला. मग पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. बातमीत नेहमी तीन-चार नावे एकदम का येतात, त्याचे कारण हे. उतरणारा भाऊ असतो, मेहुणा असतो, त्याला थांबवणे फार कठीण. तरी थांबवायचे, धरून ठेवायचे, आणि १०१ला फोन करायचा. बीए सेटशिवाय तिथे कोणीही वाचत नाही. तसे तर माणसाला सुरक्षा साधनांशिवाय उतरवणेच २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढली, पण उतरणारी माणसे कोणत्या वस्तीतून येतात ते बदलले नाही.

कागदाचे एक काम मात्र रुग्णालयातच करून घ्या. केस पेपरवर नुसते "गॅस लागला" असे लिहू देऊ नका. कोणता वायू, किती वाजता, किती वेळ, कुठे, हे लिहून घ्या. भोपाळच्या लोकांची अर्धी लढाई हे सिद्ध करण्यात गेली की आजार वायूमुळेच झाला आहे. क्लोरीन लागलेल्या काहींना पुढे महिनोन्‌महिने दम्यासारखा खोकला राहतो. फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी लगेच एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा करावी. हे जवानांनाही लागू आहे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त ठेकेदाराच्या माणसांना, कारण त्यांची नोंद कुठेच नसते. घरात कोणी बंबावर नोकरीला असेल, तर अशा कॉलवरून आल्यावर त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नका. झोपेतली धाप त्याला स्वतःला कळत नाही.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-ब आले. धोकादायक कारखान्याने आपल्याकडे काय आहे आणि अपघात झाला तर काय करायचे, हे कामगारांना आणि शेजारच्या लोकांनाही सांगितलेच पाहिजे. १९८९च्या नियमांत कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी आपत्कालीन आराखडा आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम सांगितली आहे. कुर्ल्यात अशी तालीम पाहिलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. शिवाय या नियमांचा मोठा भाग साठा किती आहे यावर चालतो. क्लोरीनसाठी मोजणी १० टनांपासून सुरू होते. क्लोरीनचा एक टनर साधारण ९०० किलोचा. म्हणजे भंगारात, बंद पडलेल्या पाणी योजनेत किंवा जुन्या गोदामात एखादा पडला असेल, तर मोठ्या कारखान्याचे हे नियम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. गॅस सिलिंडरचे नियम आहेत, पण बेवारस सिलिंडर तपासायला आणणार कोण? तो दिसतो फक्त शेजाऱ्यांना. शिवडीला आणि वसईला हेच झाले.

म्हणून आम्ही या महिन्यात एक काम हाती घेतले आहे. वस्तीतली मुले हलाव पुलापासून बैल बाजारापर्यंत फिरून दोन गोष्टी लिहून काढत आहेत : कोणत्या गल्लीत बंब शिरतो आणि कोणत्या आवारात गंजलेले मोठे सिलिंडर पडून आहेत. सिलिंडरला हात लावायचा नाही, लांबून फोटो आणि पत्ता, एवढेच त्यांना बजावले आहे. यादी पूर्ण झाली की एल विभाग कार्यालयाला आणि अग्निशमन दलाला लेखी देणार आहोत, पोच घेऊन. चादरींच्या घेऱ्याचा सराव पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारातच आहे. येताना दोन जुन्या चादरी, एक बादली आणि कात्री आणा. कात्री धारेची आणा, मागच्या वेळी साडी कापता कापता आमचा अर्धा वेळ गेला.

जयभीम.